भाजणीच्या डब्यातली पत्रं

इंग्लंडात औषधाच्या दुकानात गोळ्यांची पिशवी हातात देण्याआधी काउंटरवरची बाई एक प्रश्न विचारते: "औषधांचे पैसे तुम्ही भरता का?" प्रश्न साधा आहे. पण आमच्या घरात त्या प्रश्नाचं उत्तर चुकलं आणि पुढचं दीड वर्ष मी त्या चुकीच्या आत राहिले.

त्याआधी आम्ही सात वर्षं कार्डिफला होतो. वेल्समध्ये डॉक्टरने लिहून दिलेल्या औषधाला कुणालाच पैसे पडत नाहीत. गरीब असो, श्रीमंत असो, पिशवी घ्यायची आणि थँक यू म्हणून बाहेर पडायचं. मग माझ्या नवऱ्याला, मिलिंदला, ब्रिस्टलच्या विमानाच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही खाडीवरचा पूल ओलांडून अलीकडे आलो. तासाभराचा रस्ता. पडदे, भांडी, इराची सायकल, सगळं आलं. पुलाच्या अलीकडे नियम वेगळा आहे, एवढं मात्र आमच्या डोक्यात आलं नाही.

माझ्या गोळ्या मिलिंदच आणायचा. पहिल्याच वेळी त्या बाईने विचारलं तेव्हा तो सवयीने "नो" म्हणाला. तिने पुन्हा विचारलं, "आजारामुळे माफी आहे का?" दुकानात चार माणसं होती. त्याने आवाज खाली नेला आणि "येस" म्हणून मोकळा झाला. तिने खूण केली, त्याने सही केली.

त्याने आवाज का खाली नेला, ते सांगण्यासाठी मला मागे जावं लागेल.

नाव

मी कार्डिफच्या विद्यापीठात प्रयोगशाळेत काम करत होते. काचसामान धुणं, द्रावणं बनवणं, विद्यार्थ्यांवर ओरडणं, हे माझं काम, आणि तिन्ही मला छान जमायची. एका मंगळवारी मी हातात ट्रे घेऊन उभी होते. त्यानंतरचं आठवतं ते थेट जमिनीवरून दिसणारं टेबलाचं बूड, तिथे कुणीतरी चिकटवलेलं च्युइंगगम आणि तोंडात रक्ताची चव. जीभ चावली गेली होती. सहकारी मैत्रीण माझ्या डोक्याखाली तिचा कोट घालत होती.

पुढे तपासण्या झाल्या. डोक्याला तारा लावून झाल्या, त्या एमआरआयच्या घरघरणाऱ्या बोगद्यात जाऊन झालं. मधल्या काळात झोपेत आणखी एकदा झालं, ते मिलिंदने पाहिलं. मग डॉक्टरने समोर बसवून, टिश्यूचा खोका हळूच माझ्याकडे सरकवत सांगितलं की ही एपिलेप्सी आहे. एक्केचाळिसाव्या वर्षी. मी टिश्यू घेतला नाही. मी विचारलं, गाडी चालवता येईल का? तो म्हणाला, नाही. वर्षभर एकही झटका आला नाही तर बघू.

बाहेर गाडीत बसल्यावर मिलिंदने आधी काच वर घेतली. मग म्हणाला, "कुणाला सांगायचं नाही हं. लोक काय काय बोलतील."

सांगलीला आईला फोन केला. ती रडली, देवाचं नाव घेतलं आणि तिसऱ्या मिनिटाला म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची, वैशू. इराचं लग्न व्हायचंय अजून." इरा तेव्हा अकरा वर्षांची होती. लग्न सोडा, ती स्वतःची वेणीही घालत नव्हती.

पण मी आईला हसू शकले नाही. माझ्या आत्याला फिट यायच्या. तिला सासरच्यांनी लग्नानंतर चौथ्या महिन्यात आणून सोडलं ते कायमचं. फिट आली की घरातले तिला कांदा हुंगवायचे, कुणी चप्पल हुंगवायचं, आणि सगळ्यात आधी कुणीतरी धावत जाऊन रस्त्याकडची खिडकी लावायचं. ती खिडकी लावण्याचं काम लहानपणी मी केलं आहे. त्यामुळे मिलिंद म्हणाला तेव्हा मला वाईट वाटलं नाही. मी मनातल्या मनात खिडकी लावून घेतली.

इराला बसवून सांगितलं. आईला असं झालं तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर नाइन नाइन नाइन फिरवून रुग्णवाहिका बोलवायची. ती सगळं पाठ करून मोठ्याने म्हणून दाखवायला लागली, तर मी म्हटलं, "हळू! शेजारी ऐकू जाईल." इथल्या घरांच्या भिंती मेल्या पातळच असतात.

फॉर्म

ब्रिस्टलला आल्यावर नव्या सर्जरीत नाव नोंदवलं. सर्जरी म्हणजे इथला फॅमिली डॉक्टरचा दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी सगळं वाचलं आणि एक कागद हातात दिला. म्हणाल्या, "इथे औषधाला पैसे पडतात. पण तुमच्या आजाराला माफी आहे. हे भरून रिसेप्शनवर द्या, मी सही करते, घरी कार्ड येईल." पाच मिनिटांचं काम.

कागदावर माझं नाव, पत्ता, जन्मतारीख आणि आजारांची यादी होती. आपल्याला असेल त्यावर खूण करायची.

आणि रिसेप्शनवर विद्याताई होत्या.

विद्याताई म्हणजे आमच्या मराठी मंडळाचा कणा. पन्नाशी उलटलेल्या, तुरुतुरु चालणाऱ्या, गणपतीत दीडशे माणसांचे मोदक हिशेबात उकडणाऱ्या. आम्ही ब्रिस्टलला आलो त्याच आठवड्यात डबा घेऊन दारात आल्या होत्या. वाईट बोलणाऱ्या मुळीच नव्हत्या. पण बोलणाऱ्या होत्या. मला त्या काचेपलीकडून हात करत होत्या, आणि माझ्या हातात तो कागद होता.

मी कागदाची घडी केली, पर्समध्ये टाकला आणि "हॅलो विद्याताई, काय म्हणताय?" करून बाहेर आले. म्हटलं, पोस्टाने पाठवू. नंतर पाठवू. संगणकावर माझ्या गोळ्यांची नावं त्यांना दिसत असतील, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण ती नावं कशाची आहेत ते कुठे कळतंय, अशी मी स्वतःची समजूत घातली. माणूस स्वतःला किती सहज गंडवतो!

मिलिंदला मी सांगितलं की फॉर्म दिला. तो पुढच्या वेळी दुकानात आणखी ठामपणे "येस" म्हणाला.

डबा

पहिलं पत्र आलं ते चार महिन्यांनी. तपासणी खात्याचं. अमुक तारखेला तुम्ही माफीवर दोन औषधं घेतलीत, आमच्या नोंदीत तुमच्या नावे माफीचं कार्ड नाही. औषधांची किंमत वीस पौंडांच्या आतबाहेर, त्यावर दंड पाचपट. खाली लिहिलं होतं की तुम्हाला माफीचा आजार असेल तर दोन महिन्यांत कार्ड काढा, दंड रद्द करू.

म्हणजे दार उघडं होतं. मी ते वाचलंही. पण दारात विद्याताई बसल्या होत्या.

हे वाचताना तुम्हाला माझा राग येत असेल तर येऊ दे, मलाही येतो. भरून टाकायचे शंभर-सव्वाशे पौंड, असं वाटेल. पण कार्डिफची नोकरी सुटल्यापासून माझी वेगळी कमाई नव्हती आणि घरातलं खातं एकच. पैसे गेले की मिलिंद विचारणार, कसले? मग फॉर्मचं खोटं बाहेर येणार. शिवाय मधल्या काळात मला ब्रिस्टलमध्येही दोन झटके येऊन गेले होते, गाडीचं वर्ष पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू झालं होतं. मी दिवसभर घरात. बसने कुठे जायचं तर बसमध्येच झालं तर काय, ही भीती. एक खिडकी, एक किटली आणि दाराची पत्र टाकायची फट. त्या फटीतून कागद पडल्याचा आवाज आला की हातातलं काम टाकून मी दाराकडे धावायचे.

पत्र कुठे ठेवायचं? मिलिंद चकलीच्या भाजणीच्या डब्याला वर्षातून एकदाही हात लावत नाही. वरच्या फळीवर तो स्टीलचा उंच डबा होता, भाजणी संपलेली. पत्र त्यात गेलं.

दुसरं पत्र आलं, दुसऱ्या तारखेच्या औषधांचं. मग पहिल्याची मुदत टळली आणि दंडावर आणखी निम्मा दंड. मग तिसरं. मग एक दिवस लिफाफ्याचा रंग बदलला, वर वेगळ्याच कंपनीचं नाव. वसुली एजन्सी. तुमचं देणं आता आमच्याकडे आलं आहे, सात दिवसांत संपर्क करा. अक्षरं लाल. पहिल्या दोन नोटिशींचे मिळून जवळपास साडेतीनशे पौंड. गेल्या दिवाळीला आम्ही यापेक्षा जास्त खर्च केला होता. पण ते पैसे आम्ही खर्चले होते आणि हे माझ्या मानगुटीवर बसले होते.

मला वाटायचं, दारात माणसं येणार. सोफा उचलून नेणार. शेजारची बाई पडद्याआडून बघणार. (येत नाहीत. असल्या एजन्सीच्या माणसाला तुमच्या घरात शिरण्याचा काही अधिकार नसतो, हे मला फार उशिरा कळलं. तुम्ही आजच लक्षात ठेवा.) मग फोन सुरू झाले. रोज दुपारी, अनोळखी नंबर. पलीकडून एक बाई माझं पूर्ण नाव विचारायची, मी फोन ठेवायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, त्यातलं तोंड माझं मीच दाबत होते.

एकदा फोन इराने उचलला. आता ती चौदा वर्षांची.

"आई, इट्स समवन फ्रॉम अ कलेक्शन कंपनी. तुझा नाव विचारतेय."

"स्कॅम आहे. ठेव."

"पण तिला आपला अ‍ॅड्रेस पण माहीत आहे."

"ठेव म्हटलं ना! आणि बाबाला सांगत बसू नकोस, उगाच चिडेल."

तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं. आमच्या घरात न सांगण्याच्या गोष्टींची यादी होती आणि त्यात आणखी एक वाढली, तेवढं तिने समजून घेतलं.

उपास

एका शनिवारी सकाळी मी आणि इरा सुपरमार्केटमध्ये होतो. तांदळाच्या फळ्यांच्या रांगेत. मला तांदळाच्या पिशव्या आठवतात आणि त्यानंतर रुग्णवाहिकेचं छत. मधलं मला इराने सांगितलं, तेही दोन दिवसांनी.

मी पडले. तिने शिकवल्याप्रमाणे सगळं केलं. कुशीवर वळवलं, घड्याळ लावलं. दोन मिनिटांत अंगाचे झटके थांबले, मी गुंगीत होते. आणि तेवढ्यात रांगेच्या टोकाकडून विद्याताई धावत आल्या.

"अगं बाई, वैशाली! काय झालं गं हिला?"

माझी मुलगी माझ्या डोक्याशी गुडघ्यावर बसली होती. तिला काय झालं ते पक्कं माहीत होतं. आणि ती म्हणाली, "काही नाही काकू, तिचा उपास आहे. चक्कर आली."

सकाळी मी दोन बटाटेवडे खाल्ले होते.

उपास म्हटल्यावर कुठलीही मायाळू मराठी बाई जे करेल तेच विद्याताईंनी केलं. फळीवरचा संत्र्याचा रस फोडला, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि बाटली तोंडाला लावली. इरा म्हणत होती, नको, नको. विद्याताई म्हणाल्या, "अगं साखर कमी झालीय, दोन घोट जाऊ देत." का नको, ते इराला सांगता आलं नाही. तेवढं एक वाक्य तिला बोलता येत नव्हतं. तीन वर्षं मी तिला तेच न बोलायला शिकवलं होतं.

रस श्वासनलिकेत गेला. माझे ओठ निळे पडले तेव्हा इरा किंचाळली, आणि दुकानातल्या कुणा माणसाने मला पुन्हा कुशीवर केलं.

छातीत जंतुसंसर्ग होऊन मी पाच दिवस हॉस्पिटलमध्ये होते. सकाळी सहाला कुणीतरी दंडाला पट्टा आवळायचं, बोटाला चिमटा लावायचं. मग चहाची गाडी. ती गाडी ढकलणारी म्हातारी बाई माझा टोस्ट न सांगता लहान तुकडे करून ठेवायची, कारण पुन्हा जीभ चावल्याने मला चावता येत नव्हतं. कधी काही विचारलं नाही. त्या पाच दिवसांत मला सगळ्यात जास्त धीर त्या तुकड्यांनी दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी इरा पलंगाशी आली. माझ्या चादरीच्या टोकाशी चाळा करत म्हणाली, "मी सांगितला काकूला, तोंडात नको घालू. पण व्हाय ते नाही सांगू शकला मी. आय थॉट तू रागावशील." मग तिचा चेहरा वाकडा झाला. "आय थॉट यू वर डेड अँड आय वॉज स्टिल लायिंग, आई."

मला तोंड लपवायला जागा नव्हती. हाताला सलाइन होतं, कूसही बदलता येत नव्हती. एवढी लाज मला फिट आल्याची कधी वाटली नव्हती. आत्याची खिडकी लावायला मला कुणीतरी पाठवायचं, तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि मला ते आवडायचं नाही, हेही तेव्हाच आठवलं.

संध्याकाळी मिलिंद आला. मी म्हटलं, "घरी गेलास की भाजणीचा डबा उघड."

तो दुसऱ्या दिवशी सगळी पत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आला. मला वाटलं, ओरडेल. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "काउंटरवर येस तर मीच म्हणालो होतो ना." मग पत्रं पुन्हा पिशवीत भरत, "पण वैशाली, तू फॉर्म दिला म्हणालीस." एवढंच. त्याचा आवाज चिडलेला नव्हता, दुखावलेला होता, आणि ते मला जास्त लागलं. पुढचे कित्येक आठवडे आम्ही एकमेकांशी जपून बोलत होतो.

खिडकी

पैशांचं काय झालं ते आधी सांगून टाकते, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी डब्यात अशीच पत्रं असतील. तिसऱ्या नोटिशीची मुदत संपायला नऊ दिवस उरले होते. घरी आल्यावर मी चालत सर्जरीत गेले आणि फॉर्म काचेखालून विद्याताईंकडे सरकवला. त्यांनी वाचला. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"मी तुला रस पाजला गं," त्या म्हणाल्या. "मेली असतीस माझ्या हातून."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"असले फॉर्म रोज पाठवते मी. तुझाही पाठवला असता, कुणाला कळलंही नसतं. इथलं बाहेर बोलले तर नोकरी जाईल माझी!" मग नाक पुसून, "आणि तू मला एवढी चोंबडी समजत होतीस?"

मी हो म्हणाले. त्या रडता रडता हसल्या. डॉक्टरीणबाईंची सही घेऊन फॉर्म त्यांनी त्याच दिवशी पाठवला.

तिसरा दंड रद्द झाला. पहिले दोन झाले नाहीत, मुदत गेली ती गेलीच. महिना दहा पौंडांनी मी ते अजून फेडते आहे. कार्ड मागच्या तारखेचं मिळालं नाही, झटके अजून येतात, गाडी अजून दारात मिलिंदचीच उभी असते. सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. आई सांगलीहून अजून विचारते, "कुणाला कळलं नाही ना?" मी म्हणते, कळलं आई. ती लगेच इराच्या शाळेचं विचारते.

पण हा हप्ता ठरवण्यासाठी मला एजन्सीला फोन करावा लागला, आणि मला सांगायचंय ते त्या फोनबद्दल.

दुपार होती. इरा स्वयंपाकघरातल्या टेबलावर गृहपाठ करत होती. पत्रं समोर धरून बोलायचं होतं म्हणून फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. पलीकडून तोच आवाज, रोज दुपारी येणारा. तिचं नाव 'केली' होतं, ते मला पहिल्यांदाच कळलं. नाव, पत्ता, जन्मतारीख झालं. मग ती पाठ केलेल्या सुरात म्हणाली, "पुढे जाण्याआधी, तुमच्या तब्येतीबद्दल आम्हाला माहीत असावं असं काही आहे का?"

हा प्रश्न ती प्रत्येक फोनवर विचारत असावी. मी तिथपर्यंत कधी पोचलेच नव्हते.

मी म्हटलं, "आय हॅव एपिलेप्सी."

विद्याताईंनाही मी ते कागदावरच दाखवलं होतं. डॉक्टर आणि घरची माणसं सोडून, तोंडाने हा शब्द मी पहिल्यांदा कुणाला सांगितला असेल तर एका वसुलीवाल्या बाईला. तिने टाइप केल्याची टकटक ऐकू आली. तिचा आवाज जरा खाली आला. माझ्या खात्यावर तशी नोंद करते म्हणाली, फोनचा तगादा थांबेल, हप्ता किती झेपेल ते तुम्हीच सांगा. मग तिने विचारलं, "घरात कुणाला माहीत आहे ना, तुम्हाला झटका आला तर काय करायचं?"

मी उत्तर देण्याआधी इराने पेन खाली ठेवलं आणि ती फोनवर वाकली. "मी. आय नो. कुशीवर... सॉरी, ऑन हर साइड. नथिंग इन हर माउथ. टाइम इट. फाइव्ह मिनिट्स, देन नाइन नाइन नाइन."

"ब्रिलियंट," केली म्हणाली. "एकदा पुन्हा सांगशील, बाळ? मी लिहून घेते."

इराने पुन्हा सांगितलं. या वेळी जास्त मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. तिची मान आणि कान लाल झाले होते. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, पलीकडे शेजारीण कपडे वाळत घालत होती. तिचा हात चिमट्यावर थांबलेला मला दिसला.

इरा बोलतच होती. मी तिला हळू म्हटलं नाही.